तिघऱ्याची बोट आणि रोजचा एक घोट

ग्वाल्हेरला जाऊन आलो म्हटलं की आमच्या गावात पहिला प्रश्न किल्ल्याचा येतो. किल्ला मी रोज पाहिला. खालून, भाचीच्या स्कूटरच्या मागच्या सीटवरून, मांडीवर हत्यारांची पिशवी धरून. वर जायला वेळ मिळाला नाही. किल्ल्याची माहिती ज्यांना हवी असेल त्यांनी दुसऱ्या कोणाचं तरी वाचावं. मी ग्वाल्हेरला जाऊन पाहिलं ते एका तीन सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचं पोट.

आमच्या खाडीत माझी एक प्रवासी होडी चालते. तिच्या इंजिनाला मी दुसऱ्याला हात लावू देत नाही. त्यात हौसेचा भाग कमी आहे. दुसरे लोक मोजत नाहीत, अंदाजाने बोलतात, हे त्याचं कारण. माझी मोठी बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली. तिच्या सासरची माणसं कधीकाळी फौजेबरोबर दख्खनेतून तिकडे गेलेली. आता त्यांच्यात कोणी मास्तर आहे, कोणी वकील आहे. आक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, नोकरीतून निवृत्त झाले आणि वर्षभर खाटेवर पडून छताच्या पंख्याकडे बघत राहिले. मग त्यांनी शहराबाहेरच्या तिघरा धरणात सोळा माणसांची एक बोट घातली. बोट आली आणि दाजी परत बोलायला लागले. आक्काच्या मते जरा जास्तच.

त्या बोटीचं तेल गळायला लागलं. तिघऱ्याचं पाणी ग्वाल्हेरच्या नळाला येतं, त्यामुळे तिथे पाण्यावर तेल दिसणं ही साधी गोष्ट नाही. धरणावर देखरेख ठेवणाऱ्या साहेबांना बोटीच्या मागे पाण्यावर तेलाचे रंग दिसले. ते म्हणाले, येत्या सोमवारी मी पुन्हा येतो. एवढासा रंग दिसला तरी बोट बाहेर, आणि मग ती परत आत येणार नाही. त्यातच इंजिनाच्या तेलाचा दाबही पडायला लागला होता. तिथला मिस्त्री म्हणत होता, इंजिन पूर्ण खोलावं लागेल.

"तू ये," आक्का फोनवर म्हणाली. "खोललेलं इंजिन इथे बरसातीपर्यंत बसत नाही. आणि बोट गेली न, तर हे पुन्हा खाटेवर पडतील. मला तो पंखा आठवला तरी भीती वाटते."

लष्कर

गुरुवारी पोचलो. लष्कर हा ग्वाल्हेरचा जुना गजबजलेला भाग. आक्काचं घर तिथे एका गल्लीत आहे आणि त्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. आमच्याकडे उकाड्यात अंग भिजतं. इथे घाम येण्याआधीच वाळतो आणि माणसाला वाटतं आपल्याला उकडत नाही. तासाभराने डोकं गरगरायला लागलं की कळतं.

दाजी दारातच उभे होते. उंच, मिशीवाले, पांढऱ्या शर्टाच्या खिशात चष्मा.

"या साले साहेब! आपण आलात, आता टेन्शन खतम!"

आमच्याकडे ही शिवी आहे. तिकडे हे प्रेम आहे. इतक्या वर्षांत मला अजून सवय झालेली नाही. आणि दाजी मला 'आपण' म्हणतात, मोठे असून. तिकडच्या मराठीत समोरच्याला मान द्यायचा असला की हिंदीसारखं 'आपण' येतं.

"इंजिनाचं काय ते आधी सांगा," मी म्हटलं.

"आधी खाना, मग इंजिन."

ताटात बेडई, म्हणजे डाळ भरलेली टम्म पुरी, बटाट्याची लालभडक भाजी, कढी आणि जिलबी. पहिल्या तीन बेडया मी भुकेने खाल्ल्या, चौथी आक्कासाठी, पाचवी दाजींसाठी. सहावीला मी ताटावर हात आडवा धरला. दाजींनी ती माझ्या बोटांवर ठेवली.

"दाजी, पोट फुटेल."

"फुटत नाही. आमच्या घरी आजपर्यंत कुणाचं फुटलं नाही."

"तेल कधीपासून गळतंय?"

"होळीनंतर."

"होळीनंतर काय बदललं? तेलाची जात बदलली? फिल्टर? मिस्त्री?"

"काहीच नाही. वही तेल, वही फिल्टर, वही मुन्ना मिस्त्री."

काहीच न बदलता इंजिन बिघडत नाही हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि जिलबी वाढली.

तिघरा

शुक्रवारी सकाळी उन्हाच्या आधी आम्ही तिघऱ्याला पोचलो. धरण सुंदर आहे, हे लिहिलं पाहिजे. टेकड्यांच्या मधे पसरलेलं निळं पाणी, काठावर बगळे, आणि लाटेचा आवाज जवळजवळ नाही. खाडीच्या माणसाला हे पाणी झोपलेलं वाटतं. उन्हाळ्यामुळे ते खूप मागे गेलेलं होतं. जिथे एरवी बोटी पायऱ्यांना लागतात त्या पायऱ्या कोरड्या, वर राहिलेल्या. त्यांच्या खाली दगडमातीचा लांब उतार, आणि उताराच्या टोकाला दाजींची बोट, नाक ओढून काठावर चढवलेलं, शेपूट पाण्यात. निळी-पांढरी, स्वच्छ धुतलेली.

दाजींनी चपला काढल्या, बोटीच्या नाकाशी उदबत्ती लावली, नमस्कार केला. मग बोटीच्या मधोमध असलेली लाकडी पेटी उघडली. त्यात इंजिन होतं, मुळात ट्रॅक्टरचं, बोटीला बसवून घेतलेलं. त्यांनी तेल मोजायची पट्टी ओढली, फडक्याने पुसली, घातली, परत ओढली आणि मला दाखवली. तेल खालच्या खुणेच्याही खाली.

"बघा. रोज कमी होतं. म्हणून मी रोज एक घोट देतो." आणि त्यांनी डब्यातून तेल ओतलं. घोट म्हणजे किती, मी विचारलं. ते म्हणाले, घोट म्हणजे घोट.

"पाव लिटर? अर्धा?"

"साले साहेब, सकाळी उठल्यावर आपण चहाचा घोट मोजता का?"

मी मोजतो.

इंजिन चालू केलं. थंड असताना दाबाच्या घड्याळाचा काटा चार किलोवर गेला. हे छान. पाण्यात एक फेरी मारली. इंजिन तापलं तसा काटा उतरत दीडवर आला आणि तिथे थरथरायला लागला. दीड, एक, पावणेदोन, परत एक. वळताना तर अर्ध्यावर. या इंजिनाला तापल्यावर दोनच्या खाली काटा जायला नको. मागे पाहिलं तर बोटीच्या मागच्या पाण्यावर जांभळा-हिरवा पातळ पडदा पसरत होता. मी पेटीत वाकून पाहिलं. खाली बोटीच्या तळाशी तेल साचलेलं, आणि तिथलं पाणी उपसणारा छोटा पंप ते तेल पाण्याबरोबर इमानेइतबारे बाहेर फेकत होता. पहिलं काम म्हणून मी त्या पंपाची वायर काढली. यापुढे तळाचं पाणी हाताने उपसून बादलीत भरायचं, असं सांगितलं.

परत आलो तर मुन्ना मिस्त्री काठावर बसलेले. पन्नाशीचा, पोट सुटलेला, खुशालचेंडू माणूस. ट्रॅक्टरची कामं करतात आणि त्या कामावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे.

"क्या बोले डॉक्टर साहब?" त्यांनी मला विचारलं.

"अजून काही नाही."

"हम बोल दें? पानी मिल गया है तेल में." त्यांनी पट्टी काढून दाखवली. तेलात बारीक बुडबुडे होते, रंग किंचित दुधाळ. "हेड का गॅसकेट गया. पीछे की सील गई. बेरिंग भी गए समझो. इंजन उतारो, पूरा खोलो."

"सगळं एकदम कसं गेलं?"

"बुढ़ापे में सब एकदम ही जाता है, भाई साहब."

दाजींचा चेहरा उतरला. चहाच्या टपरीवाला, मासे पकडायला आलेले दोघे, सुरक्षारक्षक, सगळे येऊन पेटीत डोकावून गेले आणि प्रत्येकाने काहीतरी वेगळं निदान सांगितलं. मला कोणी एक आकडा सांगेल तर शपथ. मी थोडं तेल एका बाटलीत घेतलं आणि घरी आलो.

आक्काचं स्वयंपाकघर

तेलात पाणी आहे की नाही हे ओळखायची एक साधी रीत आहे. तवा चांगला तापवायचा, त्यावर तेलाचा एक थेंब टाकायचा. पाणी असेल तर तडतडतं. नसेल तर नुसतं पसरतं आणि धुरतं.

दुपारी आक्का शेजारी गेली असताना मी तवा गॅसवर ठेवला. चिमट्याने थेंब सोडला. पसरला. दुसरा सोडला. पसरला, धूर आला. खात्रीसाठी मी तिसऱ्या थेंबात मुद्दाम नखाएवढं पाणी मिसळलं. तो असा तडतडला की मी मागे सरलो, आणि दारात आक्का उभी.

"सदा! हा माझा पोळ्यांचा तवा आहे!"

"एक मिनिट. तेलात पाणी नाही. म्हणजे पाणी अडवणारं हेड गॅसकेट ठीक आहे. कळलं का तुला, किती मोठी गोष्ट आहे ही?"

"मला एवढं कळलं की घरभर ट्रॅक्टरचा वास येतोय. संध्याकाळी पोळ्या कशावर करू? तुझ्या डोक्यावर?"

त्याच तेलाचा एक थेंब मी वर्तमानपत्रावरही टाकला होता. डिझेल मिसळलेलं असेल तर कागदावर डागाभोवती पातळ कडा पसरते आणि वास येतो. तसंही काही नव्हतं. म्हणजे पाणी नाही, डिझेल नाही. मग बुडबुडे कशाचे? हवेचे. पण तेलात हवा कुठून येणार? हा प्रश्न मी आक्काला विचारला. ती तवा राखेने घासत होती.

दाल बाजारातून

शनिवारी दाबाचं घड्याळ तपासायचं ठरवलं. बोटीवरचं घड्याळ खोटं बोलत असेल तर सगळं बोलणंच फुकट. त्यासाठी थेट इंजिनावर लावायचं वेगळं घड्याळ हवं होतं. भाची रुचा, बँकेत नोकरी करते, मला घेऊन निघाली.

"मामा, तू पीछे ठीक से बैठ, मी शॉर्टकट घेते."

तो शॉर्टकट दाल बाजारातून जात होता. डाळीच्या पोत्यांच्या हातगाड्या, हमाल, उभे टेम्पो, एक बैल, आणि या सगळ्यांच्या मधे आम्ही पाऊण तास. उजवीकडे किल्ला दिसत होता. रुचा हॉर्न वाजवत सगळ्यांशी एकाच वेळी बोलत होती.

"भैया, साइड! मामा, तो सराफा बघ, तिकडे मस्त पोहे मिळतात, खायचे का? अरे अंकल, बोरी हटाओ न!"

"पोहे नकोत. घड्याळ."

"मामा, तू ना, बहुत सीरियस आहेस."

ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात घड्याळ मिळालं. दुकानदाराने त्यावर हात ठेवून मला विचारलं, "बोट में? तिघरा में? वो तेल वाली बोट?" बातमी दाल बाजारापर्यंत पोचली होती.

तिघऱ्याला जाऊन नवं घड्याळ लावलं. तापल्यावर दीड, एक, पावणेदोन, परत एक. जुन्याशी अगदी जुळलं. म्हणजे जुनं घड्याळ खरं बोलत होतं आणि दाब खरोखर पडत होता. मला बरं वाटलं नाही. पण एक शंका मिटली.

मग गळतीची जागा. इंजिन डिझेलने पुसून कोरडं केलं आणि रुचाच्या डब्यातली टाल्कम पावडर सगळीकडे भुरभुरली. पांढऱ्या इंजिनावर तेल कुठून निघतं ते लगेच दिसतं. इंजिन चालू केलं. सगळ्यात आधी ओलं झालं ते श्वासनळीचं तोंड. इंजिनाच्या पोटातली वाफ जिथून बाहेर पडते ती नळी तेल थुंकत होती. मग मागची सील. मग वरच्या झाकणाची कड. एकाच वेळी तीन ठिकाणं, जणू आत कोणीतरी तेलाला बाहेर ढकलत होतं.

"देखा?" मुन्ना मिस्त्री म्हणाले. "पिस्टन की रिंगें खतम. अंदर का धक्का बाहर आ रहा है. कल सुबह इंजन उठाने की चेन-पुली लाता हूँ."

रिंगा गेल्या तर असं होतं, हे खरं आहे. पण मग निळा धूर यायला हवा, चालू व्हायला त्रास हवा. इंजिन तर पहिल्या फटक्याला चालू होत होतं. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "उद्या तेल काढू. खालचं चेंबर आणि तेलाचा पंप बघू. मग ठरवू." रात्रीच्या जेवणाला दाजींनी पहिल्यांदाच काही वाढलं नाही. ते खाटेवर आडवे झाले. आक्काने येऊन खोलीचा पंखा बंद केला. इतक्या उकाड्यात.

पुन्हा तिघरा

रविवारी मिस्त्री चेन-पुली घेऊन हजर. बोटीतल्या इंजिनाचं तेल खालून काढता येत नाही, हात जात नाही. हातपंपाने वरून ओढावं लागतं. मिस्त्रींनी नळी आत घातली आणि दुसरं टोक आपल्या ड्रमात सोडलं.

"थांबा," मी म्हटलं. "मोजून काढायचं."

"जला हुआ तेल नापोगे? इसका क्या अचार डालना है?"

"किती निघतं ते बघायचंय."

"कम निकलेगा. लीक हो रहा है, कम ही निकलेगा. इसमें नापना क्या?"

"तरी मोजायचं."

दाजी हताशपणे म्हणाले, "मुन्ना, नापने दो. हे घरी चहापण नापून पितात." टपरीवाल्याकडून दुधाचं लिटरचं माप आणलं. ते खराब होणार म्हणून तो भांडला, ते वेगळं. इंजिनाच्या पाटीवर लिहिलेलं होतं: तेल साडेसात लिटर. गळतं म्हणजे पाच-सहा निघेल, असा माझाही अंदाज होता.

सातवं माप भरलं. आठवं भरलं. नववं. दहावं. अकरावं अर्ध्यावर आलं आणि मग पंप हवा ओढायला लागला. तळाशी थोडं राहिलं असणारच, ते वेगळं.

साडेदहा लिटर. ज्या इंजिनात साडेसात मावायला हवं, जे महिना-दोन महिने गळतंय, ज्याची पट्टी रोज कमी दाखवते, त्यात साडेदहा लिटर तेल!

आता बुडबुडे कळले. तेल इतकं वर आलं की इंजिनाच्या पोटात फिरणारा क्रँकचा दांडा त्यात बुडून ते रवीसारखं घुसळतो. फेस होतो. पंप फेस ओढतो, फेसाला दाब येत नाही, म्हणून काटा थरथरतो. आणि जागा नसल्यामुळे तेल वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. गळतं म्हणून दाजी अजून घालत, घालत म्हणून अजून गळतं.

"दाजी, तुम्ही इंजिनाला बेडया खायला घालताय!"

दाजी लाल झाले. "म्हणजे मी झूठ बोलतो? पट्टी कमी दाखवते म्हणून घालतो. आपणही पट्टी पाहिलीत. शुक्रवारी पाहिली, काल पाहिली. कमी होती की नव्हती?"

होती. मी स्वतः पाहिली होती. पट्टी दुसऱ्या इंजिनाची असेल म्हणून तिच्यावरचा नंबर पाहिला. याच इंजिनाची. चिडून मी मापाने मोजून बरोबर साडेसात लिटर नवं तेल ओतलं, थांबलो, पट्टी ओढली. कोरडी. टोकाला एक थेंब.

माझाही हात डब्याकडे गेला, हे लिहायलाच हवं. डबा उचललाही. आणि उचलताना पाण्याची अर्धी बाटली माझ्या पायाला लागून आडवी पडली आणि घरंगळत थेट बोटीच्या शेपटाला जाऊन थांबली.

मी ती बाटली उचलली, इंजिनाच्या झाकणावर आडवी धरली. आतलं पाणी एका बाजूला चढलेलं. बोटीचं नाक काठावर, शेपूट खाली. इंजिन मागे कललेलं, सगळं तेल मागे गेलेलं. आणि पट्टीचं भोक पुढे.

"दाजी, होळीच्या आधी बोट कुठे लागायची?"

"पायऱ्यांना. पाणी वर होतं तेव्हा. सीधी उभी राहायची. का?"

"आणि नंतर पाणी मागे गेलं आणि तुम्ही ती उतारावर ओढायला लागलात."

"मग? पाणी मागे जाणारच. उन्हाळा आहे." आणि मग ते एकदम थांबले.

आमच्या खाडीत ओहोटीला होडी चिखलात बसते. पण सपाट बसते. म्हणून माझ्या डोक्यात हे आलं नाही. तीन दिवस मी तवे तापवले, पावडरी लावल्या, आणि ज्या पट्टीवर सगळं उभं होतं ती पट्टी वाकड्या बोटीत वाचली. माझा मलाच राग आला.

आम्ही तिघांनी ढकलून बोट पूर्ण पाण्यात नेली. ती सरळ झाली. पाच मिनिटं थांबून पट्टी ओढली. तेल वरच्या खुणेला, बरोबर. परत काठावर ओढली: कोरडी. परत पाण्यात: वरची खूण. मी हे तीनदा करायला लावलं. तिसऱ्यांदा मिस्त्री कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून म्हणाले, "भाई साहब, अब मान जाओ. हम मान गए."

इंजिन चालू केलं. तापल्यावर काटा अडीचवर आला आणि तिथे थांबला. थरथर नाही. वळताना नाही, वेग वाढवल्यावर नाही. वरच्या झाकणाचं गॅसकेट जुनंच होतं, ते बदललं. श्वासनळी साफ केली. तळ साबणाने धुऊन ते पाणी बादल्यांत भरून काठावर आणलं. मग इंजिनाखाली दाजींच्या जुन्या धोतराचा पांढरा तुकडा अंथरून फेरी मारली. रुपयाएवढे दोन डाग आले, आधीचं सांडलेलं. दुसऱ्या तुकड्यावर एक पुसट. तिसरा कोरडा.

"मैं पहले दिन से बोल रहा था," मिस्त्री चेन-पुली गुंडाळत म्हणाले, "तेल का ही चक्कर है."

सोमवार

साहेब सकाळीच आले. चाळिशीचे, घाईत असलेले. बोट नेहमीप्रमाणे उतारावर नाक चढवून उभी. दुसरीकडे उभी करायला जागाच नाही. साहेबांनी पाण्याकडे पाहिलं, इंजिनाची पेटी उघडायला सांगितली, बोटीत येऊन वाकले, आणि स्वतः पट्टी ओढली. त्यांना इंजिनातलं कळत होतं, हे वाईट झालं.

"इसमें तो तेल ही नहीं है!" त्यांनी कोरडी पट्टी वर धरली. "सारा लीक हो गया क्या? पहले तेल डलवाइए, फिर चलाकर दिखाइए."

मागे उभ्या मिस्त्रींनी सवयीने डबा उचलून पुढे केला. मी तोंड उघडणार होतो. पण बोट माझी नाही, आणि परक्या माणसाने मधे बोललेलं साहेब लोकांना आवडत नाही. मी दाजींकडे पाहिलं. या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. पाहुण्याला नाही, मिस्त्रीला नाही, इंजिनाला नाही. साहेब बोट बाहेर काढू शकत होते.

दाजींनी डबा घेतला. मिस्त्रींकडून घेतला आणि खाली मातीत ठेवला.

"नहीं डालूँगा, साहब."

"मतलब?"

"बोट टेढ़ी खड़ी है. पहले पानी में सीधी होने दीजिए, फिर देखिए."

"मैंने अभी देखा है. पट्टी सूखी है."

"मैंने भी दो महीने यही देखा, साहब. और यही गलती की." दाजींनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि एकट्यानेच बोटीला खांदा लावला. ती हलली नाही. मिस्त्री धावले, मी धावलो. साहेब काठावर उतरून मनगटावरचं घड्याळ बघत उभे. बोट पाण्यात सरकली, डुलली, सरळ झाली.

"आइए, साहब."

साहेबांना बूट काढावे लागले. ते चढले, आणि एवढ्या कष्टाने चढावं लागलं म्हणून चिडलेले दिसले. पट्टी ओढली, पुसली, घातली, ओढली. वरची खूण. त्यांनी पुन्हा पुसली, पुन्हा घातली. वरची खूण. "चलाओ," एवढंच म्हणाले.

दाजींनी धरणाची मोठी फेरी मारली. साहेब मागे बसून पाण्याकडे बघत होते, मी काट्याकडे. अडीच. परत आल्यावर साहेबांनी पेटीत हात घालून इंजिनाखालचा पांढरा तुकडा स्वतः बाहेर ओढला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि दाजींच्या हातात दिला.

"ठीक है. चलाइए. लेकिन तेल हमेशा पानी में देखिए."

जणू हे त्यांनीच शोधून काढलं होतं. दाजींनी हात जोडले.

मी आक्काला फोन केला. "झालं. बोट राहिली."

"देवा! आणि बिघडलं काय होतं?"

"काही नाही."

"काहीच नाही? मग इतके दिवस तुम्ही लोक तिकडे काय करत होतात?"

हे फोनवर समजावून सांगणं मला जमलं नाही. अजूनही नीट जमत नाही, म्हणून एवढं लिहिलं.

काठावर बिर्लानगरहून आलेलं एक कुटुंब कधीचं वाट बघत होतं, आजोबांपासून कडेवरच्या मुलीपर्यंत नऊजण. दाजींनी त्यांना एकेक करून हात धरून चढवलं, नाकाची दोरी सोडली, आणि बोट निघाली. मी उताराच्या टोकाला उभा राहून मागच्या पाण्याकडे बघत राहिलो. पांढरा फेस फाटत गेला, विरला, आणि त्याखाली नुसतं पाणी राहिलं. तरी मी खाली बसून, डोळे पाण्याच्या पातळीला आणून, पुन्हा एकदा पाहिलं.